दोन तासांवरची शांतता

मी बोलते, आणि भरपूर बोलते. गॅस एजन्सीच्या काउंटरवर मी बावीस वर्षं काढली. तिथे गप्प बसणाऱ्या माणसाला ग्राहक कच्चं खातात. निवृत्त झाले तेव्हा काउंटर सुटलं आणि तोंड तेवढं माझ्याबरोबर घरी आलं. आमचे हे, मुकुंद गाडेकर, कॉलेजात ग्रंथपाल होते. म्हणजे लोकांना गप्प बसवणं हीच त्यांची नोकरी. असा आमचा संसार एकतीस वर्षं चालला होता. मी बोलायचे आणि ते पेपरच्या आडून 'हं' म्हणायचे. त्या 'हं'वर मी फ्लॅट घेतला, मुलीला बंगळुरूला शिकायला पाठवलं, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. नवऱ्याच्या 'हं'ला आपल्याकडे होकार धरतात. मीही धरत आले.

पण गेले काही महिने माझ्या पोटात एक गोष्ट होती, आणि ती माझ्या ओठांवर येत नव्हती.

माझा धाकटा भाऊ नंदू सांगलीला असतो. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. कृत्रिम किडनीच्या बातम्या पेपरात दर आठवड्याला येतात, पण त्या किडन्या अजून डुकरांनाच बसवल्या जातात. नंदू आपला दिवसाआड डायलिसिसच्या खुर्चीत बसत होता. हातावरच्या शिरा सुजून दोरखंडासारख्या झाल्या होत्या. मी 'त्याच्याकडे जरा राहून येते' असं सांगून गेले आणि गुपचूप स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले, "तुमची किडनी चालेल. पण आमच्या रुग्णालयाची समिती तुमच्या मिस्टरांनाही बोलावते. त्यांनी समोर बसून हरकत नाही असं सांगितलं की मगच पुढे जायचं."

मुकुंदना इंजेक्शनची सुई पाहिली तरी घाम फुटतो. कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही आणि पेपर यांच्या मधे हे सांगितलं असतं तर एक 'हं' मिळाला असता, आणि या गोष्टीला तसला 'हं' मला नको होता. एकदाच, नीट, निवांत जागी बसून सांगायचं होतं. अशात आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ते आपणहून म्हणाले, "दोन दिवस कॅबिनला जाऊ या का?" तेव्हा मला वाटलं, देव पावला.

पुण्याच्या पश्चिमेला जितकी धरणं आहेत तितक्यांच्या काठावर आता कॅबिना आहेत. आधी तंबू होते, मग लाकडी खोल्या आल्या. शहराचा गोंगाट नको म्हणून अर्धं शहर शनिवारी तिथे जायचं आणि जाताना गोंगाट बरोबर न्यायचं. एका खोलीत कराओके, दुसरीत वाढदिवस, पाण्यावर मोटरबोटी, डोक्यावर ड्रोन. त्यात 'निःशब्द' नावाचा हा कँप निघाला, कोळवडीच्या पाण्याकाठी. जाहिरात साधी होती: शहरापासून दोन तासांवर, आणि नको असलेला एकही आवाज नाही.

तिथली व्यवस्थापक वैजयंती म्हणून होती. चाळिशीची, स्वतः ध्वनीची इंजिनिअर, आणि आपल्या यंत्राबद्दल असं बोलायची की जणू पोटचं पोर पहिलं आलंय.

"काकू, आवाज म्हणजे हवेतली लाट," ती म्हणाली. "लाटेला उंचवटा असतो आणि खळगा असतो. उंचवट्यावर नेमका तेवढाच खळगा आणून ठेवला तर काय राहील?"

"सपाट."

"बस, झालं. कानात घालायच्या हेडफोनला हे कधीच जमलंय. मोकळ्या खोलीत जमत नव्हतं, कारण इथे आवाज मिटवला की दोन हातांवर तो दुप्पट व्हायचा. आम्ही काय केलं, भिंतींना आणि व्हरांड्याच्या छताला रंगाच्या थराइतके पातळ स्पीकर लावले. हजारो. बारीक कॅमेरे तुमचं डोकं कुठे आहे ते बघत राहतात आणि तुमच्या कानांभोवती नारळाएवढी शांतता तयार करतात. तुम्ही चाललात की ती तुमच्याबरोबर चालते. एका झोपाळ्यावर दोघं बसली तरी दोघांना वेगवेगळं ऐकू येऊ शकतं."

मग आम्हाला एकेक करून एका बारक्या खोलीत नेलं. कानांचं माप घेतलं, आणि काय ऐकायचं नाही ते विचारलं. मी म्हटलं, मोटरबोटी आणि शेजाऱ्यांची गाणी. बेडूक राहू देत. मुकुंद आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मला वाटलं, कानाचं माप घेताना घाबरले असतील.

कॅबिन झकास होती. खांबांवर उचललेली लाकडी खोली, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात झोपाळा आणि समोर पाणी. पलीकडच्या काठावर पोरांची टोळी नाचत होती, पण त्यांचं गाणं आमच्यापर्यंत येत नव्हतं. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि बोलायला सुरुवात केली.

आणि काय सांगू, मुकुंद ऐकत होते! पेपर नाही, मोबाइल नाही, 'मुद्द्यावर ये' नाही. माझ्या तोंडाकडे बघत, हसऱ्या चेहऱ्याने, अधूनमधून मान हलवत. एजन्सीतल्या एका भांडकुदळ गिऱ्हाइकाची गोष्ट मी शेवटपर्यंत सांगितली. एकतीस वर्षांत ती मला पहिल्यांदा शेवटपर्यंत सांगता आली. मी विचारलं, "चहा करू की कॉफी?" ते म्हणाले, "तुला वाटेल तसं." विचारलं, "उद्या लवकर निघू या की जेवून?" तर तेच, "तुला वाटेल तसं." एरवी हा माणूस चहाच्या रंगावरून वाद घालतो.

एक गोष्ट तेवढी खटकली. मी पाण्यापर्यंत चालून येऊ म्हणाले, हाताला धरून ओढलंसुद्धा, पण ते व्हरांड्यातून खाली उतरायला तयार होईनात. गुडघा दाखवला. मी म्हटलं, असू दे. झोपाळ्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी या माणसाच्या नव्याने प्रेमात पडले.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी धीर झाला. पाण्यावर धुकं होतं. त्यांच्या हातात चहाचा कप दिला, समोर बसले आणि सांगितलं.

"अहो, मला नंदूला माझी एक किडनी द्यायची आहे. तपासण्या झाल्या, सगळं जुळलंय. तुमच्यापासून लपवलं, चुकलं माझं. पण मला तो हवाय हो. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, त्याला मी न्हाऊ घातलंय. समितीसमोर तुम्ही हरकत नाही म्हणालात की झालं. म्हणाल ना?"

कप ओठांपाशी जरा थांबला. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले, मान हलवली आणि म्हणाले, "हं."

मी रडायलाच लागले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. फोनला रेंज फक्त कँपच्या फाटकापाशी होती. मी तशीच चपला घालून फाटकापर्यंत गेले आणि नंदूला सांगितलं, "दाजी हो म्हणाले." पलीकडे नुसते हुंदके ऐकू येत होते आणि मागे त्याच्या बायकोचा आवाज, "काय झालं ओ? काय झालं?"

घरी परतल्यावर मी आनंदात होते. मुकुंद मात्र पुन्हा पेपरच्या आड गेले. मी म्हटलं, माणूस विचार करतोय, करू दे, आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

मग एका दुपारी रुग्णालयातून त्यांच्या मोबाइलवर फोन आला. बुधवारी समितीसमोर यायचं आहे म्हणून. त्यांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "कसली समिती? कुणाची किडनी?"

मी हातातली कोथिंबीर खाली ठेवली. "अहो, असं काय करता? सांगितलं ना मी. कॅबिनमध्ये."

"मला काहीही सांगितलेलं नाहीस."

"समोर बसून सांगितलं! तुम्ही मान हलवलीत. हं म्हणालात."

ते चष्मा काढून पुसायला लागले. हा माणूस चष्मा पुसायला लागला की समजावं, काहीतरी गैर घडलंय.

"रेवती, मला ऐकू आलं नव्हतं."

"का? कानात बोळे घातले होते?"

"तसंच समज," ते म्हणाले. "त्या खोलीत विचारतात ना, काय ऐकायचं नाही. तिथे माणसाचाही आवाज देता येतो. मी तुझा दिला होता."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी खुर्चीत बसले. ती हसरी नजर. ते 'तुला वाटेल तसं'. ती शेवटपर्यंत ऐकलेली गोष्ट. माझे ओठ हलत होते, आणि समोरच्या माणसाच्या कानांत धरणाचं पाणी वाजत होतं. व्हरांड्यातून उतरत नव्हते, कारण खाली उतरले की छत नाही आणि छत नाही तर माझा आवाज सुरू. मला भयंकर लाज वाटली. लाज त्यांना वाटायला हवी होती आणि कान माझे तापले होते.

"दोनच दिवस," ते म्हणाले. "तुला त्रास होऊ नये म्हणूनच. तू बोलत राहावीस आणि मला शांतता मिळावी. तू किती खुशीत होतीस! तिथे सगळेच करतात गं."

"सगळे कोण?"

"नवरे. बायकासुद्धा. सासू-सासऱ्यांना घेऊन येतात लोक. घरात भांडण न होता सुट्टी पार पडते." आणि मग आवाज जरा वर चढवून म्हणाले, "पण मुद्दा असा, की मी ऐकलेलं नाही, म्हणजे होकारही दिलेला नाही. आता विचारत असशील तर माझं उत्तर नाही असं आहे. या वयात पोट फाडून घ्यायचं काही कारण नाही."

नंदूला मी फोन केला. म्हटलं, जरा अडचण आलीय. तो लगेच म्हणाला, "ताई, राहू दे की. दाजींचं काय चुकत नाही. तू वाईट वाटून घेऊ नको." त्याने भांडायला हवं होतं. हक्काने ओरडायला हवं होतं. तो मलाच समजावत होता आणि मागे यंत्राची टिकटिक चालू होती.

मग गार्गीला लावला, आमच्या मुलीला. सगळं सांगितलं.

"आई, बाबांनी तुझ्या आवाजाचे नमुने मागितले होते," ती म्हणाली. "कँपला लागतात म्हणून. माझ्याकडे तुझ्या व्हॉइस मेसेजचा ढीग आहे ना, तो मी पाठवला."

"कशाला हवेत ते माहीत होतं तुला?"

"हो. म्हणजे आम्हाला तेव्हा ते गमतीचं वाटलं गं."

"ते मेसेज तू ऐकलेस तरी का कधी?"

"सगळे नाही," गार्गी म्हणाली.

मी फोन ठेवला. रोज सकाळी पूजा झाली की मी त्या पोरीला एक मेसेज पाठवते. कढीपत्त्याला कीड लागली, शेजारच्या बाई पडल्या, असलंच काहीबाही. यंत्राने ते सगळे मन लावून ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बसने कोळवडीला गेले. काय मिळवायला गेले, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. भांडायचं होतं. कुणाशी तरी, जो ऐकेल त्याच्याशी.

वैजयंतीने मला ओळखलं. "काकू, तुमची काही तक्रार असेल तर लेखी..."

"लेखी नाही, मी बोलणार आहे. मी ऐकू येतेय ना तुम्हाला? की तुम्हीही कान मिटून घेतलेत?"

ती वरमली. मला ऑफिसात नेऊन बसवलं, पाणी दिलं. मी जे बोलायचं ते सगळं बोलले. एका बाईचा आवाज तिला न विचारता पुसून टाकता तुम्ही, तुम्हाला आई नाही का, वगैरे. तिने ऐकून घेतलं. पण अखेर ती इंजिनिअर. यंत्राला शिव्या पडल्यावर तिला राहवेना.

"काकू, ही सोय आम्ही सरसकट देत नाही. नव्या जोडप्यांना तर नाहीच. फार गळतं."

"गळतं म्हणजे?"

"असं बघा. पंख्याचा, इंजिनचा आवाज एकसारखा असतो, त्याची उलटी लाट आधी तयार ठेवता येते. बोलण्याचं तसं नाही. शब्द तुमच्या ओठांतून निघून शेजारच्या कानात शिरायला डोळ्याची पापणी लवण्यापेक्षाही कितीतरी कमी वेळ लागतो. तेवढ्यात ऐका, उलटवा आणि सोडा, हे जमत नाही. म्हणून यंत्राला तुम्ही पुढे काय बोलणार हे आधीच ओळखावं लागतं."

"मी काय बोलणार ते यंत्राला माहीत असतं?"

"नमुने भरपूर मिळाले तर. माणसं फारसं नवीन बोलत नाहीत, काकू. जुन्या जोडप्यात तर नाहीच. चहा घेता का, पंखा बंद करा, त्या दिवशी काय झालं... एक शब्द आला की पुढचे दहा ओळखता येतात. यंत्राचा अंदाज बरोबर आला की शांतता. अंदाज चुकला की आवाज जसाच्या तसा कानात. त्याला आम्ही गळती म्हणतो. तुमच्या मिस्टरांनाही सांगितलं होतं, त्या कधी काही नवीनच बोलल्या तर ऐकू येईल, दचकू नका."

नंदूच्या आजाराला मी घरात नुसतं 'त्याचं डायलिसिस' म्हणत आले होते. मी 'किडनी' हा शब्द त्या घरात उच्चारला नव्हता. गार्गीला पाठवलेल्या एकाही मेसेजात तो नव्हता. मुद्दाम टाळला होता, तोंडातून निसटेल म्हणून. लपवलं, चुकलं माझं, मला तो हवाय. असली वाक्यं मी नवऱ्याशी कधी बोललेच नव्हते.

"ती गळती तुमच्याकडे दिसते का?"

"शब्द आम्ही ठेवत नाही. यंत्र कधी किती चुकलं, तेवढं दिसतं."

"मग मला दाखवा."

"तसं दाखवता येत नाही, पाहुण्यांची खासगी..."

"वैजयंती, आवाज कुणाचा आहे तो?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पडदा माझ्या बाजूला वळवला. एक हिरवी रेघ होती. शनिवारी दुपारपासून ती तळाला चिकटून चालली होती. इतकी बोलले मी त्या दिवशी, मोठ्या हौसेने, आणि यंत्राला त्यातलं जवळपास सगळं आधीच ठाऊक होतं. रविवारी सकाळी ती रेघ एकदम उठून उभी राहिली होती, वर टेकली होती आणि काही वेळ तिथेच राहिली होती.

"इथे काय झालं?" वैजयंती स्वतःशीच म्हणाली. "इथे तर यंत्र पुरतं आंधळं झालंय. एखाद-दुसरा शब्द सोडला तर सगळंच गेलं असणार."

"म्हणजे त्यांना ऐकू आलं?"

"आत्ता मला येतंय तसं," ती म्हणाली आणि पडदा परत आपल्याकडे वळवला.

नवरा आपलं ऐकत नाही, हे दुःख मी पचवलं असतं. निम्म्या बायका पचवतात. खरं सांगायचं तर येताना बसमध्ये मी त्याच्यासाठी सबबी शोधत होते. बिचाऱ्याने ऐकलंच नाही, तिथे त्या सकाळी ऐकलं असतं तर नक्की हो म्हणाला असता. तेवढाच एक आधार होता. तोही त्या हिरव्या रेघेने काढून घेतला. त्यांनी ऐकलं होतं. नंदूचं नाव, आईचं नाव, माझं रडणं. ऐकून मान हलवली होती, आणि नंतर यंत्राच्या आड जाऊन बसले होते.

बाहेर पडले तर एका कॅबिनच्या व्हरांड्यात मोठं कुटुंब बसलं होतं. मधोमध एक आजोबा हातवारे करत काही सांगत होते, आणि मुलगा, सून, नातवंडं सगळी हसऱ्या चेहऱ्याने माना हलवत होती. या खेपेला कुणी माझ्या कानांचं माप घेतलं नव्हतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आजोबा कोयनेच्या भूकंपाचं सांगत होते. त्यांच्या वडिलांनी रात्री गोठ्यातली म्हैस कशी सोडली ते. मी पायरीशी थांबले.

"मग म्हैस सापडली का?" मी विचारलं.

आजोबा चमकले. इतक्या वेळात त्यांना कुणी प्रश्न विचारला नसावा. "सापडली ना," ते म्हणाले, आणि खुर्ची माझ्याकडे वळवून पुढचं मलाच सांगू लागले. मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढं उतरलं. म्हैस घरी आणून बांधेपर्यंत मी तिथून हलले नाही.

घरी पोचले तेव्हा मुकुंद शब्दकोडं सोडवत होते. मी पिशवी ठेवली, पंखा बंद केला आणि समोर बसले.

"तुम्ही ऐकलं होतंत."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. नाही म्हणाले नाहीत, एवढं मात्र मान्य करायला हवं.

"एकदम तुझा आवाज आला," ते म्हणाले. "मला वाटलं, बिघडलं वाटतं. मग काय बोलते आहेस ते लक्षात आलं."

"मग मान का हलवलीत?"

"आदल्या दिवसापासून हलवतच होतो. थांबवली असती तर तुला कळलं असतं."

इतकं खरं उत्तर या माणसाने मला कधी दिलं नव्हतं. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग इतका संताप आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, बंद केला आणि परत आले.

"नंदू मरतोय हो. ते ऐकून तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात, आणि मी फाटकापर्यंत पळत जाऊन त्याला सांगितलं. तो रडला. त्याची बायको रडली. तुम्ही व्हरांड्यात बसून चहा संपवलात."

"मी घाबरलो, रेवती. तुला काही झालं तर मला कोण आहे?"

"हे तिथेच म्हणायचं होतंत. भांडले असते मी. रडले असते. तुमच्या भीतीला धरून बसले असते रात्रभर. पण तुम्ही तेवढंही दिलं नाहीत मला."

ते पुन्हा चष्मा पुसू लागले. पुसून झाल्यावर म्हणाले, "मी येतो बुधवारी. हरकत नाही म्हणतो. मला ऐकू आलं होतं हे गार्गीला सांगू नकोस."

मी काही उत्तर दिलं नाही. आमच्या घरात पहिल्यांदाच त्यांनी माझ्या बोलण्याची वाट पाहिली असेल.

समितीत तीन जण होते. मधे बसलेल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्या, केस आखूड कापलेले. त्यांनी आधी मुकुंदना विचारलं. वाचनालयात बोलायचे त्या आवाजात ते म्हणाले, "माझी काही हरकत नाही. तिचा निर्णय तिने विचारपूर्वक घेतला आहे." छान बोलले. ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा समजूतदार नवरा.

मग त्यांनी मला विचारलं, का द्यायची आहे. मी सांगितलं. लांबण लावली थोडी, सवयीप्रमाणे. आईचं सांगितलं, नंदूला न्हाऊ घालायचे ते सांगितलं, त्याच्या डोळ्यांत शिकेकाई जायची तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. बाहेर बाकावर नंदू बसला होता, त्याच्या बायकोने त्याचा स्वेटर नीट केला ते मला दाराच्या फटीतून दिसलं.

"ठीक आहे, आमच्या बाजूने मंजूर," बाई म्हणाल्या. मला वाटलं आता उठायचं. पण त्यांनी पुढचं विचारलं.

"ऑपरेशननंतर काही आठवडे जपावं लागेल. वाकायचं नाही, उचलायचं नाही. रात्री एकदम दुखायला लागलं, चक्कर आली, तर हाक मारावी लागेल तुम्हाला. तुमची हाक ऐकायला घरात कोण असतं?"

शेजारच्या खुर्चीत मुकुंद ताठ बसले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

"कोणी नसतं, डॉक्टर," मी म्हणाले. "बाई ठेवावी लागेल."

डॉक्टरीणबाईंनी एकदा मुकुंदकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तसं लिहून घेतलं.